बाई, गाडी चुकली काय?

१२ जानेवारी २०२५ च्या रविवारी डायलिसिसच्या पेशंटांची गाडी चालू राहावी म्हणून पैसे जमवायला मी जयगडच्या अलीकडून रत्नागिरीपर्यंत ४२.२ किलोमीटर अंतर पायांनी कापलं. 'धावले' म्हणत नाही, कारण शेवटचे पाच-सहा किलोमीटर चक्क चालले. हे लिहायला आठ महिने लागले. हिशोब पुरता मिटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि हिशोब काही केल्या मिटेना.

मधल्या काळात चार-पाच जणींचे फोन आले. "आम्हालाही एखाद्या कामासाठी पैसे जमवायला धावायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना वाटतं मी आधी बुटांबद्दल सांगेन. मी आधी अर्जावरच्या आवक क्रमांकाबद्दल सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय ४३. या आधीची शेवटची शर्यत डी.एड.ला असताना, तीही लिंबू-चमचा. धावायचं खूळ डोक्यात आलं ते आमच्या आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, राहायला नेवऱ्याला. २०२२ पासून त्यांचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मशीनचे पैसे सरकारी योजनेतून जातात, तिथे काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो रत्नागिरीत पोचायचा आणि त्याहून जास्त परत यायचा. एसटीत सवलत आहे, पण पहिली पाळी सकाळी सातची, आणि चार तासांनी बाहेर पडलेल्या माणसाला स्टँडवर उभं राहून गाडीची वाट बघण्याचं त्राण नसतं. प्रेशर पडतं, पाय लटपटतात. रिक्षा ठरवली तर जाऊन-येऊन थांबून हजार-बाराशे, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा हजार.

आमच्या भागातला एक छोटा ट्रस्ट जुनी सात सीटची गाडी घेऊन हे पेशंट फुकट नेतो-आणतो. सोम-बुध-शुक्र एक बॅच, मंगळ-गुरू-शनि दुसरी. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार धरून महिन्याला साधारण तीस हजार खर्च. मे २०२४ मध्ये खजिनदार म्हणाले की पुढच्या वर्षी गाडी बहुतेक बंद करावी लागेल. मी हिशोब केला, सहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार. आणि तोंडातून निघून गेलं, "मी मॅरेथॉन धावते, आपण पैसे जमवू." तेव्हा मला मॅरेथॉन नेमकी किती किलोमीटरची हेसुद्धा माहीत नव्हतं.

मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून धावपटू संस्थांसाठी पैसे उभे करतात, त्याची मोठी व्यवस्था आहे. तिथे जाण्याचा विचार केला होता. पण आमचा ट्रस्ट त्या यादीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मरीन ड्राइव्हवर धावले असते तर नेवऱ्याच्या आप्पांना काय दिसलं असतं? मग ठरलं, पेशंट ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याने धावायचं. रत्नागिरीतल्या डायलिसिस केंद्राच्या गेटापासून गाडीचा ट्रिप मीटर शून्य करून उलटं मोजत गेलो. शिरगाव, साखरतरचा पूल, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड आणि पुढे. ४२.२ ला गाडी थांबली ती जयगडच्या अलीकडे, एका मोरीपाशी. आजूबाजूला काजूची चार झाडं आणि एक मोडका मैलाचा दगड. "हीच तुमची स्टार्टिंग लाइन," ड्रायव्हर काका म्हणाले.

आता कागदांचं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. १९६७ च्या वर्तणूक नियमांत ते आहे, आणि कुठल्याही सरकारी नोकरीत असाच नियम असतो. मला हे मुख्याध्यापकांनी सांगितलं, नाहीतर मी जूनमध्येच व्हॉट्सअॅपवर आवाहन टाकून मोकळी झाले असते. दुसरी गोष्ट ट्रस्टच्या सीएने सांगितली. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तीच. त्यापेक्षा सगळे पैसे थेट नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात जाऊ द्यावेत आणि पावती ट्रस्टने द्यावी. "बाई, तुमच्या गुगल पेवर एक रुपयासुद्धा घेऊ नका," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तुम्हीही लिहा. आलेले पैसे नंतर ट्रस्टला 'ट्रान्स्फर करू' म्हणणारे चांगल्या मनाचेच असतात, पण वर्षभराने त्यांना स्वतःलाच आठवत नाही कुठले पैसे कुणाचे.

२४ जून २०२४ ला अर्ज दिला. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग वरचं कार्यालय. ऑगस्टमध्ये त्रुटी काढून परत आला, आणि चूक माझीच होती. ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र जोडलं होतं, पण ८०जीचं, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखाली देणगीवर करसवलत मिळण्यासाठीचं, नव्हतं. शाळेच्या वेळेत काहीही करणार नाही असं हमीपत्र नव्हतं. पैसे कुठल्या खात्यात जमा होणार हे अर्जात लिहिलेलंच नव्हतं. गणपती झाल्यावर १८ सप्टेंबरला पुन्हा दिला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळंच थांबलं. २० नोव्हेंबरच्या मतदानाला माझीही ड्युटी होती. आदल्या रात्री एका शाळेतल्या बाकावर झोपले, मतदानाच्या दिवशी यंत्रं जमा करून घरी यायला रात्रीचा एक वाजला. परवानगीचं पत्र हातात पडलं ९ डिसेंबरला. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतलेला होता म्हणून फाइल कुठल्या टेबलावर आहे हे दर वेळी दोन मिनिटांत कळलं. नाहीतर अजून फिरत असते.

पत्रात अटी होत्या. विद्यार्थ्यांकडून आणि शाळेच्या आवारात पालकांकडून काही घ्यायचं नाही, रोख रक्कम स्वतः हाताळायची नाही, संपल्यावर हिशोब सादर करायचा. सगळ्या रास्त.

धावायचा सराव मात्र कुणाच्या परवानगीवाचून जूनमध्येच सुरू केला होता. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस आणि शाळेत घालायचे बूट. आठशे मीटरवर दम लागला. समोरून दुधाची किटली घेऊन येणारे एक आजोबा थांबले, "काय वो बाई, गाडी चुकली काय?" पुढचे सहा महिने हा प्रश्न मला रोज किमान एकदा विचारला गेला. दोनदा तर मोटारसायकलवाल्यांनी थांबून पुढच्या स्टॉपवर सोडायची तयारी दाखवली. ऑगस्टपर्यंत मी "होय, चुकली" म्हणायला लागले. ते सोपं पडतं.

कोकणात पावसाळ्यात धावायला शिकवणारं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सांगते. रस्त्याच्या कडेने शेवाळ असतं, मधून धावलात तर गाडी अंगावर येते. मी जुलैत शेवाळावरून घसरले आणि गुडघा जांभ्याच्या गडग्यावर घासला. जांभा दगड कातडीवर किसणीसारखा चालतो. बूट दोन जोड लागतात, कारण एक वाळायला दोन दिवस घेतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दर तीन-चार तासांनी बदलायचे. चुलीजवळ ठेवू नका, माझ्या एका बुटाचा तळ त्यात सुटला. घासून सालं निघतात तिथे खोबरेल पुरत नाही, पेट्रोलियम जेली लावा.

सराव सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. मी जुलैत केली, म्हणजे उशिराच. ईसीजी ठीक निघाला, पण हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला दम लागतो का?" मी म्हटलं, मला वाटलं तो धावल्यामुळे लागतो. तीन महिने लोहाच्या गोळ्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. इतकी वर्षं मुलींना शाळेत या गोळ्या वाटतेय आणि हे मला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात १६ किलोमीटर झाले, दिवाळीनंतर २१. आठवड्यातून तीन दिवस थोडंथोडं आणि रविवारी लांबचं, एवढंच वेळापत्रक. २२ डिसेंबरला ३२ किलोमीटर, म्हणजे मुख्य दिवसाच्या बरोबर तीन आठवडे आधी. त्यानंतर कमी कमी करत आणायचं असतं. त्या दिवशी आंब्याला मोहोर आलेला आणि बागांत फवारणी चालू. पंपाचा आवाज लांबून येतो, वास त्याच्याही आधी. ओढणी नाकाला लावून दोन किलोमीटर काढले, तरी रात्रभर खोकला. मासळीच्या टेंपोतून गळणाऱ्या बर्फाच्या पाण्याने वळणावर रस्ता निसरडा होतो, हेही त्याच दिवशी कळलं.

पैसे मागण्याबद्दल मी कुणाला सल्ला देण्याच्या लायकीची नाही, पण झालं ते सांगते. परवानगी ९ डिसेंबरला आणि धावणं १२ जानेवारीला, म्हणजे हातात ३४ दिवस. एक किलोमीटर ५०० रुपये, ज्याने त्याने आपला किलोमीटर निवडायचा, एकाच किलोमीटरचे कितीही मालक असू शकतात, अशी योजना. एक लांबलचक मेसेज लिहिला आणि सगळ्या ग्रुपांवर टाकला. हात जोडलेली चित्रं भरपूर आली, पैसे आले तीन जणांचे. मग एकेकाला फोन करायचं ठरवलं. पहिला सख्ख्या भावाला, ठाण्याला. दहा मिनिटं थंडी, आई, त्याच्या सोसायटीचं पाणी यावर बोलले आणि विषय न काढता फोन ठेवला. ४३ वर्षांच्या बाईला भावाकडे पाचशे रुपये मागता येत नव्हते. शेवटी त्यानेच मेसेज वाचून ट्रस्टच्या क्यूआर कोडवर पाच हजार टाकले आणि लिहिलं, "फोनवर बोलायचं होतं ते हेच ना?"

त्यानंतर जमायला लागलं. वाक्य एकच ठेवलं: गाडी महिन्याला तीस हजार खाते, तुम्ही किती किलोमीटर घेता? सरळ विचारलं की माणसं सरळ उत्तर देतात, 'नाही' सुद्धा. मासळीवाल्या मावशींनी एकतिसावा किलोमीटर घेतला. "का एकतीस?" तर त्यांच्या पाटीचा तेवढ्या वर्षांचा धंदा. त्यांचे रोख पाचशे मी हातात घेतले नाहीत, त्यांनाच खजिनदारांकडे नेऊन त्यांच्यासमोर पावती फाडली. रोखीचं अजून एक लक्षात ठेवा, दोन हजारांवर रोख दिलं तर ८०जीची सवलत मिळत नाही. ज्यांना सवलत हवी त्यांच्याकडून नाव, पत्ता, पॅन तेव्हाच घ्या, आणि नव्या कर प्रणालीत ही वजावट नाही हेही आधीच सांगा. नंतर सांगितलं की चेहरे पडतात.

माझे दोन जुने विद्यार्थी परदेशात आहेत. दुबईवाल्याचा पासपोर्ट भारतीय, त्याने स्वतःच्या पगारातले पैसे बँकेतून पाठवले, ते चालले. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावली. दुसऱ्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्याची देणगी कायद्याने परदेशी ठरते आणि ट्रस्टकडे अशा देणग्या घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही, म्हणून त्याला नको म्हणावं लागलं. तो हिरमुसला. मग रत्नागिरीत राहणाऱ्या त्याच्या वडिलांनी स्वतःच्या नावावर स्वतःच्या पेन्शनमधून दोन किलोमीटर घेतले.

एका पुढाऱ्यांनी पंचवीस हजार देऊ केले होते. बॅनरवर त्यांचा फोटो हवा होता, माझ्यापेक्षा मोठा. बॅनरच करणार नाही म्हटल्यावर पंचवीस हजारही आले नाहीत. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू.

पोलिस ठाण्यात अर्ज दिला. रस्ता अडवायचा नाही, उजव्या कडेने म्हणजे येणाऱ्या गाड्यांना तोंड करून धावायचं, अंगात चमकणारं जाकीट, पुढेमागे एक-एक वाहन, एवढ्यावर काम झालं. मागचं वाहन म्हणजे ट्रस्टची तीच गाडी. रविवारी दोन्ही बॅच नसतात.

आदल्या रात्री उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. पहाटे तीनला उठून नाचणीचं सत्त्व. सव्वाचारला मोरीपाशी काळोखात आम्ही सातजण: मी, नवरा मोटारसायकलवर, गाडीत काका, खजिनदार, एक नर्सताई, आणि हौसेने पहिले पाच किलोमीटर सोबत धावायला आलेले दोन सहकारी. नारळ फोडला. काकांकडे किलोमीटरवार नावांची वही दिली होती. दर किलोमीटरला ते खिडकीतून त्या त्या मालकांची नावं वाचत. पहाटेच्या शांततेत, गावातून जाताना, मोठ्याने. मतदार यादी वाचल्यासारखं. दोन-तीन घरांतून कुत्री आणि माणसं एकदमच बाहेर आली.

गणपतीपुळ्यात पोचले तेव्हा साडेसहा वाजत आले होते, सोळा-सतरा किलोमीटर झालेले. तिथवर सगळं छान होतं. दर वीस मिनिटांनी घोटभर पाणी, मधेच मीठ-साखर घातलेलं कोकम, गालात एक आमसूल. ही आमसुलाची युक्ती माझी स्वतःची, आणि विकतच्या जेलपेक्षा स्वस्त.

नेवऱ्याला आप्पा गेटाशी उभे होते. बाजूला काकू. आप्पांच्या हातात शहाळं, तासून, स्ट्रॉ घालून तयार. आमच्या आप्पांच्या परड्यात बावीस माड आहेत आणि त्यांना शहाळ्याचं पाणी वर्ज्य आहे, त्यातलं पोटॅशियम त्यांना चालत नाही. साधं पाणीही मोजून. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवतात, चहा घेतला तर तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकतात, दुपारनंतर जीभ कोरडी पडली की बर्फाचा खडा चघळतात. मी त्यांच्यासमोर उभी राहून अख्खं शहाळं एका दमात प्यायले. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "गोड हाय ना? त्या विहिरीकडच्या माडाचा हाय." मी हो म्हटलं. त्यांनी रिकामं शहाळं हातातून काढून घेतलं आणि पुढे हो म्हणाले.

आरे-वारेचा चढ सगळ्यांनी समुद्राचे फोटो काढण्यासाठीच बघितलेला असतो. ऊन वर आलेलं, वारा पडलेला, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तिसाव्याला डाव्या पोटरीत गोळा आला. नर्सताईंनी गाडीच्या पायरीवर बसवून पाय ओढला. एकतिसाव्याला काकांनी मावशींचं नाव वाचलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होते, कारण काहीच नव्हतं, फक्त रडू येत होतं. धावणाऱ्यांना हे होतं म्हणे. घाबरू नका, पाणी प्या, चाला.

साखरतरच्या पुलानंतर धावणं सुटलं ते सुटलंच. शिरगावच्या पुढे एका रिक्षावाल्याने वेग कमी केला. काका मागून ओरडले, "नको रे, तिला विचारू नको!" साडेदहा वाजून गेल्यावर केंद्राच्या गेटाशी पोचले. सहा तास वीस मिनिटं. रविवार असल्याने गेट बंद होतं. वॉचमनने खुर्ची आणून दिली.

दोन अंगठ्यांची नखं काळी पडून फेब्रुवारीत गळली. माझा स्वतःचा खर्च नऊ हजारांच्या आसपास, बूट, तपासण्या, पेट्रोल, छपाई धरून. तो देणग्यांतून घ्यायचा नाही हे आधीच ठरवा आणि जाहीर सांगा, लोक विचारत नसले तरी त्यांच्या मनात असतं.

कबूल झालेले पैसे १,९४,००० होते. प्रत्यक्ष आले १,६३,४२०. म्हणजे सहा महिन्यांऐवजी साडेपाच महिन्यांहून थोडी कमीच गाडी. राहिलेल्यांना आठवण करणं हे मागण्यापेक्षाही अवघड, कारण आता धावून झालेलं असतं आणि बातमी जुनी झालेली असते. दोनदा मेसेज केला, तिसऱ्यांदा नाही. २१ फेब्रुवारीला हिशोब सादर केला, पोच घेतली. देणगीदारांची १०बीई प्रमाणपत्रं, म्हणजे करसवलतीसाठीचे दाखले, मात्र आर्थिक वर्ष संपल्यावरच येतात, ट्रस्टने मे अखेरपर्यंत विवरण भरल्यावर. तोवर "बाई, ते सर्टिफिकेट?" असे फोन येत राहतात. चार जणांचे पॅन चुकीचे लिहिले गेले होते, त्यात एक माझ्या भावाचा.

यंदा गणपतीला, ऑगस्टच्या शेवटी, वाडीतला एक चाकरमानी पोरगा आरतीनंतर मागे थांबला. खिशातून पाचशेची नोट काढली. "बाई, माझा एकोणचाळिसावा रायला होता." मी म्हटलं, रोख मी घेत नाही, आणि क्यूआर कोडचा चुरगळलेला कागद वहीतून काढला. त्याने मोबाइल वर धरला, खाली धरला. वाडीत नेटवर्क नव्हतं. मग आम्ही दोघं टॉर्च घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर गेलो, तिथे दोन कांड्या मिळतात.